बनसोडे बाईंचा उभा शनिवार

बनसोडे बाईंच्या शोकसभेत तासाभरात दोन खोट्या गोष्टी बोलल्या गेल्या. एक माईकवरून आणि दुसरी पटांगणात, चपला घालताना.

माईकवर आमच्या संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "कौशल्य शिक्षणाचं महत्त्व बाईंनी फार आधी ओळखलं होतं आणि संस्थेनं त्यांना कायम पाठबळ दिलं." मग मागच्या रांगेकडे बोट दाखवून म्हणाले, "ती बघा, आपल्या शाळेची कन्या पद्मजा गड्डम. आज पुण्याकडे मोठ्या कारखान्यात मशीन चालवते. उभी राहा बेटा, टाळ्या वाजवा." टाळ्या वाजल्या. पद्मजा उभी राहिली नाही. तिनं मांडीवरची पर्स तेवढी घट्ट धरली.

सभा संपल्यावर पायरीवर एक माजी विद्यार्थी दुसऱ्याला म्हणाला, "बाई चांगल्या होत्या बे, पण आयटीआयवाल्यांकडनं कमिशन खायच्या म्हणत्यात."

"व्हय की, मी पण ऐकलंय," दुसरा म्हणाला आणि दोघे गाडीला किक मारून गेले.

मी त्यांना हाक मारायला हवी होती. मारली नाही. या शाळेत मी मुख्याध्यापक होतो. ही दोन्ही खोटी बोलणी जिथं जन्मली, त्या बैठकीत मी खुर्चीवर बसलेला होतो. पद्मजाला उभं राहायला सांगणारे गृहस्थही तिथंच, माझ्या समोर बसले होते. बैठकीतली बाकीची माणसं आता हयात नाहीत किंवा त्यांना आठवायचं नाही. बाईंवर एक आळ होता तो कमी म्हणून की काय, आता वरून हारही घातला गेला. आळापेक्षा मला त्या हाराचाच संताप जास्त आला. म्हणून हे लिहितो आहे.

शशिकला बनसोडे आमच्याकडे विज्ञान शिकवायच्या. उंचीनं बेताच्या, पदर कमरेला खोचलेला, पायात साडीला अजिबात न शोभणारे जाड तळव्याचे पुरुषी सँडल. आवाज असा, की नववीच्या वर्गात त्या आम्ल आणि आम्लारी शिकवू लागल्या की दोन वर्ग सोडून पलीकडे भूगोल शिकणाऱ्या पोरांचंही रसायनशास्त्र पक्कं व्हायचं. स्टाफरूममध्ये त्यांना कधी खुर्चीवर बसलेलं पाहिलं नाही. खिडकीच्या कट्ट्याला टेकून उभ्या. वडील गिरणीत कामाला होते. गिरणी बंद पडल्यावर ते घराच्या ओट्यावर बसून राहिले ते शेवटपर्यंत. "आमच्या घरात बसलेला माणूस बघायची मला धास्ती आहे," असं बाई एकदा हसत म्हणाल्या होत्या. त्यांचं हसणं आणि रागावणं यांत फारसं अंतर नसायचं.

हे वाचून कुणाला वाटेल, बाई हाताच्या कामात मोठ्या वाकबगार असतील. छे. त्यांना काहीही दुरुस्त करता यायचं नाही. शाळेत काही बिघडलं की पहिला स्क्रू ड्रायव्हर बाईंच्या हातात, आणि बिघडलेली वस्तू हमखास पूर्ण निकालात. स्टाफरूमचं घड्याळ दहा मिनिटं मागे चालायचं, ते त्यांनी उघडलं, तेव्हापासून ते चाललंच नाही. एकदा पंख्याचा रेग्युलेटर खोलून त्यांनी टेबलावर मांडला आणि आत काय काय असतं ते शिपाई महादेवला समजावून सांगितलं. तो परत जोडायला मात्र बाहेरून माणूस बोलवावा लागला. महादेव त्या माणसाला म्हणाला, "बाईंनी लई चांगलं समजावलं बघा. फक्त पंखा गेला."

बाई स्वतःही हसल्या. "मला येत नाही, म्हणून तर मला त्याची किंमत कळते," म्हणाल्या. आणि लगेच आवाज चढला, "तुम्हाला कुणालाच येत नाही. पण तुम्हाला त्याचं काही वाटतही नाही."

गणिताचे देशमुख सर दर वर्षी सहामाहीचे पेपर तपासताना एकच वाक्य बोलायचे, "ही ढ पोरं आयटीआयला पाठवून द्या." एकदा बाई खिडकीपाशी होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "सर, तुम्ही नवी गाडी घेतलीत ना?"

"घेतली की. का?"

"तिचे ब्रेक ढ पोरानं बसवलेले चालतील तुम्हाला?"

देशमुख सरांनी लाल पेनचं टोपण लावलं आणि पुढचा आठवडाभर ते बाईंशी बोलले नाहीत.

आता उभ्या शनिवारबद्दल. शनिवारी शाळा सकाळची. ती सुटली की बाई दहावीच्या ज्या मुलांना यायचं असेल त्यांना दोन-तीन रिक्षांत कोंबून कुठल्या तरी कामाच्या ठिकाणी न्यायच्या. कधी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला लेथचा कारखाना, कधी टॉवेलचे माग, कधी फ्रीज दुरुस्तीचं दुकान, कधी दवाखान्यातली नर्सची ड्युटी, कधी सरकारी कार्यालयातला बाबू. व्हय, बाबूसुद्धा. बाईंच्या लेखी तेही एक काम होतं, तेही बघायलाच हवं होतं. नियम एकच: चार तास तिथं उभं राहायचं. बसायचं नाही. मालकानं परवानगी दिली तर हात लावायचा. काम करणाऱ्याला विचारायचं ते पगार किती हे नव्हे. कंबर कधी दुखायला लागते, डोळ्यांना काय होतं, ठेकेदार कधी काढून टाकतो, सुट्टीच्या दिवशी काय करावंसं वाटतं, हे विचारायचं. "चांगलं चांगलं तर जाहिरातवालेही सांगतात," बाई मालकांना म्हणायच्या, "तुम्ही वाईट सांगा. झाकून ठेवू नका."

उभं का राहायचं, असं मी एकदा विचारलं.

"बसून बघितलं की सगळीच कामं सोपी दिसतात, हेडसर."

मुलांनीच त्याला उभा शनिवार असं नाव पाडलं. दोन-दोन शनिवार करून काही मुलं गळायची, काही पुन्हा पुन्हा जायची. दहावीनंतर काय करायचं, हे बाईंनी कधी कुणाला सांगितलं नाही. हे मी पुन्हा लिहितो, कारण याच्या बरोबर उलटं गावभर पसरवण्यात आलं. बाईंनी मुलांना आयटीआयला ढकललं असं म्हणतात. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी आयटीआयपासून परत फिरवलेली मुलं जास्त आहेत.

मैंदर्गीचा सिद्धाराम हा त्यातला एक. मामाकडे राहून शिकायचा. वडील दुसऱ्याच्या रानात राबणारे. त्यांनी ठरवलं होतं, पोराला वेल्डर करायचं, लवकर पगार सुरू होईल. बाई त्याला वेल्डिंगच्या दुकानात घेऊन गेल्या आणि परत आल्यावर मला म्हणाल्या, "हा पोरगा ठिणगीकडे बघतच नाही. दुकानदार बिल करत होता, त्या टेबलाकडे मान वाकडी करून बघत होता. बिलात चूक झाली तर हळूच सांगितली पण." बाईंनी वडिलांना शाळेत बोलावून घेतलं.

वडील दारातच उभे राहिले, हात जोडून. "बाई, गरिबाच्या पोरानं खुर्चीत बसायचं सपान बगावं म्हणताव व्हय तुमी?"

"हो, बघावं. गरीब आहे म्हणून त्याला वेल्डर करायचं, हे मला मान्य नाही. त्याला हौस असती तर मी तुमच्या पाया पडून सांगितलं असतं, करा."

सिद्धाराम कॉमर्सला गेला. आज बार्शीच्या बाजारात आडत दुकानांचे हिशेब बघतो. त्याच्याकडून बाईंना कुठलं कमिशन मिळालं, हे मला कुणी तरी समजावून सांगावं.

बाईंना सगळ्यात जड गेलं ते त्यांच्या आपल्याच माणसाचं बोलणं. त्यांच्या वस्तीतले एक काका होते, रेल्वेतून निवृत्त झालेले, वस्तीतल्या वाचनालयाची किल्ली त्यांच्याकडे असायची. एकदा मी बाईंसोबत तिथं पुस्तकं द्यायला गेलो होतो. काकांनी माझ्यादेखत त्यांना धरलं.

"शशे, तुझ्या बापानं तुला कधी गिरणीच्या गेटपाशी येऊ दिलं नाही. का? आपल्याला हातकाम जन्मानं चिकटवलं होतं. ते सोडवायला पिढ्या गेल्या. आन् तू पोरांना परत तिकडंच न्यायलीस?"

ज्यांनी कधी शिक्षणाधिकाऱ्यांनाही निरुत्तर केलं होतं, त्या बाई काकांपुढे मान खाली घालून उभ्या राहिल्या. परत येताना रस्त्यात म्हणाल्या, "काका खोटं बोलत नाहीत. म्हणून मी कुणाला काय कर ते सांगत नाही. जन्मानं गळ्यात पडलेलं आणि स्वतः उभं राहून, बघून निवडलेलं, यात फरक आहे असं मी धरून चालले आहे. तो फरक नसेलच, तर माझं सगळंच चुकलं."

ही शंका त्यांनी कायम जवळ बाळगली. आज व्यासपीठांवरून कौशल्याची भाषणं ठोकणाऱ्यांपैकी एकाच्या तरी मनात ही शंका आलेली मला दाखवा. त्यांची स्वतःची मुलं कुठल्या आयटीआयला आहेत, तेही दाखवा.

पद्मजा गड्डम दर वर्षी शाळेत पहिली यायची. शहराच्या पूर्व भागात घर. वडील टॉवेलच्या मागावर दुसऱ्याकडे कामाला, आई लक्ष्मी घरी विड्या वळायची. घरात तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी. मुलगी अबोल. उभ्या शनिवारी ती लेथच्या कारखान्यात गेली आणि मग दर वेळी तिथंच जाऊ लागली. बाई मात्र तिच्या विरोधात होत्या. ही गोष्ट आज कुणालाच ठाऊक नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. "तू सायन्स घे," असं सांगायच्या फार जवळ त्या आल्या होत्या, हे त्यांनीच मला सांगितलं. मग स्वतःचाच नियम आठवून गप्प बसल्या आणि तिला फक्त विचारलं, "तुला तिथं काय आवडतं?"

पद्मजा म्हणाली, "लोखंड कापताना आवाज बदलतो बाई. टूल बोथट झालं की आधी आवाजातच कळतं. मला तो आवाज ऐकायचा असतो."

"आणि डॉक्टर व्हायचं नाही?"

"मला रक्त बघवत न्हाय. ते कुणी विचारलंच न्हाय की."

बाई मला हे सांगताना कपाळावर हात मारून घेत होत्या. कायम पहिली येते म्हणून सगळ्या शाळेनं, त्यात आम्ही सगळे शिक्षक आलो, तिला मनातल्या मनात पांढरा कोट घालून टाकला होता. तिला रक्त बघवतं का, हे विचारायची गरज कुणाला वाटली नव्हती.

आईचा विरोध मात्र मोठा होता आणि त्यात चूकही नव्हती. तंबाखूनं काळी पडलेली बोटं पुढे करून लक्ष्मी म्हणाली, "बाई, हे बगा. मी हे केलं, ते हिनं करू नये म्हणून. पोरगी हुशार हाय म्हणून तर म्हणते, हिला मशीनवर कशाला?"

बाईंनी वाद घातला नाही. पुढच्या शनिवारी त्यांनी लक्ष्मीलाच सोबत नेलं. लक्ष्मी चार तास लेकीशेजारी उभी. कारखान्याच्या मालकानं खुर्ची दिली, बाईंनी ती परत पाठवली. मालकानं सगळं वाईट सांगितलं: हात कापतो, पाय सुजतात, मुलगी म्हणून आधी कुणी कामावर घेणार नाही, घेतलं तर झाडू मारायला लावतील. बाहेर आल्यावर लक्ष्मीनं पदरानं घाम पुसला आणि म्हणाली, "हितं निदान डोक्यावर पंका हाय."

तेवढंच. पण त्या घरात ठरलं. पद्मजा सरकारी आयटीआयला टर्नरसाठी, म्हणजे लेथवरच्याच कामासाठी, अर्ज करणार. निर्णय मुलीचा, आईचा होकार, वडिलांनी मान हलवली. बाईंनी फक्त पुन्हा एकदा विचारलं, "नक्की?"

आणि मग चौकात फ्लेक्स लागला.

आमच्याकडे दहावीचा निकाल लागला की पोराला पेढा मिळायच्या आधी फ्लेक्स लागतो. पद्मजा दहावीतही शाळेत पहिली आली आणि तिच्या भागातल्या तरुण मंडळानं संध्याकाळपर्यंत तो छापून आणला. पद्मजाचा शाळेच्या ओळखपत्रावरचा चेहरा कुठल्या तरी जाड मानेच्या माणसाच्या पांढऱ्या कोटावर चिकटवलेला, गळ्यात स्टेथोस्कोप, खाली अक्षरं: 'आमच्या भागाची शान, भावी डॉक्टर'. आणि त्याखाली ओळीनं नेते, सगळ्यात मोठा फोटो आमच्या संस्थेच्या उपाध्यक्षांचा, हात जोडलेला. तेच आजचे अध्यक्ष. मुलीला कुणी विचारलं नव्हतं. आपल्या गावात अशा गोष्टी विचारायची पद्धतच नाही.

दुसऱ्या दिवशी पद्मजाचे वडील शाळेत आले. "सर, आता आयटीआयचं ऱ्हाऊ द्या. पोरगी चौकात डॉक्टर लागलीय. मी कुठल्या तोंडानं मागावर जाऊ?"

म्हणजे आईनं चार तास उभं राहून जे ठरवलं होतं, ते एका प्लास्टिकच्या कापडानं उलटलं. पद्मजा घरात जेवत नव्हती. बाईंनी माझ्या ऑफिसात हे ऐकलं, सँडल घातले आणि लक्ष्मीला घेऊन थेट चौकात गेल्या. मी मागून गेलो, लांब उभा राहिलो.

मंडळाची पोरं खुर्च्या टाकून बसली होती. बाई म्हणाल्या, "हा काढा."

"काय बाई, अभिनंदनाचा फ्लेक्स हाय. काढतंय का कुणी?"

"डॉक्टर व्हायचं नाही तिला. तिला विचारलंत?"

"त्यात काय विचारायचं? शान हाय की भागाची."

"काढा म्हणते."

एक पोरगा उठून हळूच म्हणाला, "बाई, खाली साहेबांचा फोटो हाय. फ्लेक्स काढला म्हंजे साहेबाला काढलं असं हुतंय. आमचं मरण हाय त्यात."

बाईंनी मान वर करून फोटोकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बरोबर. साहेबांना राहू द्या. फक्त आमची मुलगी परत द्या."

पोरांना हा तोडगा पटला. कुणाचा अपमान नाही, कुणाची तक्रार नाही. त्यांनी शिडी लावली, ब्लेड आणलं आणि पद्मजाचा चेहरा तेवढा गोल कापून लक्ष्मीच्या हातात दिला. तिनं तो घडी न घालता पदराखाली धरून घरी नेला. फ्लेक्स तसाच लटकत राहिला. वर भोक, त्याखाली पांढरा कोट, स्टेथोस्कोप, मग 'भावी डॉक्टर' आणि उपाध्यक्षांचे जोडलेले हात.

फ्लेक्सच्या मागे एक सलून होतं. त्याचा मोठा आरसा बरोबर त्या भोकातून दिसायचा. पुढचे कित्येक दिवस चौकातून जाणाऱ्याला कोटाच्या वर फेस लावलेला, डोळे मिटलेला, दाढी करून घेणारा कुणी ना कुणी दिसायचा. रोज नवा भावी डॉक्टर. पोरं मुद्दाम चहा घेऊन समोर बसायची. "आज कोण डॉक्टर हाय बे?" "आज टांगेवाला हाय, डोळ्याचा स्पेशालिस्ट!" अख्खा पूर्व भाग हसला. उपाध्यक्षांच्या फोटोच्या डोक्यावर बसून हसला.

बाईंना शिक्षा झाली ती या हसण्याची. कमिशनची नाही. हे सरळ करून ठेवायलाच मी पेन हातात घेतलं आहे.

संस्थेची बैठक लावली गेली. 'चौकात हसं केलं' असा आरोप कागदावर लिहिता येत नव्हता, म्हणून कुणी तरी दुसरा शोधून काढला. बाई खाजगी आयटीआयकडून प्रत्येक पोरामागे कमिशन घेतात. पुरावा विचारला तर "सगळं गाव बोलतंय" असं उत्तर. गाव तोपर्यंत काहीच बोलत नव्हतं. बैठकीनंतर बोलू लागलं. उपाध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, "मुख्याध्यापक, तुम्हाला काय वाटतं?"

पद्मजाचा शाळा सोडल्याचा दाखला मी माझ्या हातानं दिला होता. ती सरकारी आयटीआयला गेली होती, हे मला ठाऊक होतं. तिथं कमिशन द्यायला कोण बसलंय? एवढं एक वाक्य मला बोलता आलं असतं. मी म्हणालो, "चौकशी करता येईल." पुळचटपणाला इतकं सभ्य रूप मी आयुष्यात दुसऱ्यांदा दिलेलं नाही.

चौकशी कधी झालीच नाही. ती व्हावी म्हणून बैठक बोलावलीही नव्हती. उभे शनिवार बंद झाले. बाईंकडची दहावी काढून घेतली, पाचवी आणि खिचडीचं धान्य सांभाळायचं काम दिलं. निवृत्तीपर्यंत तेच. त्यांनी खुलासा दिला नाही, भांडल्या नाहीत. पाचवीच्या पोरांनाही त्याच आवाजात शिकवलं. मी त्यांना एकदा अडखळत म्हणालो, "बाई, त्या दिवशी माझ्याकडून..." त्यांनी हातानं थांबवलं. "तांदूळ ओला आलाय या वेळी. ठेकेदाराला फोन लावा आधी."

पद्मजाचं पुढं सगळं छान झालं, असं मी लिहिणार नाही. लिहिलं तर तोही एक हार होईल. तिला पहिल्या कारखान्यात खरंच झाडू मारायला लावलं. मग मशीन मिळालं. ठेका संपला की घरी बसवलं जातं, पुन्हा बोलावलं जातं. एका दिवाळीत ती मला भेटली तेव्हा म्हणाली, "कधीकधी वाटतं सर, डिप्लोमा केला असता तर बरं झालं असतं." मी लगेच म्हणालो, मग बाईंनी... तिनं मधेच तोडलं. "बाईंनी काय? बाई तर विचारत हुत्या, नक्की का. मी नक्की म्हणले. माझं हाय ते माझं हाय." असं बोलणाऱ्या मुलीला सभेत 'शाळेची कन्या' म्हणून उभं राहायला सांगायचं!

गेल्या उन्हाळ्यात अध्यक्षांनी शाळेच्या आवारात कौशल्य केंद्राची कोनशिला बसवली. निमंत्रणपत्रिकेत बाईंचं नाव नव्हतं. ती पत्रिका खिशात घालून मी बाईंच्या घरी गेलो. सोलापूरचं ऊन, दुपार, जिन्याचा कठडा हाताला चटका देत होता. बाईंनी दार उघडलं. केस पूर्ण पांढरे झाले होते, आवाज तसाच होता.

"या हेडसर. ताक पिणार? भाकरी पण आहे, शेंगाची चटणी आहे."

मी बसलो. त्या उभ्याच राहिल्या, ओट्याला टेकून. मी पत्रिका दाखवली आणि म्हणालो, "बाई, मी आता सगळं लिहून काढणार आहे. कमिशनची गोष्ट खोटी होती हे लोकांना कळलं पाहिजे."

"ती खोटी होती हे मला माहीतच आहे," बाई म्हणाल्या. "मला काय सांगता?"

"तुमचं नाव..."

"माझ्या नावाचं काय घेऊन बसलात!" त्यांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्यावर चढला. "तुम्ही माझ्यासाठी तोंड उघडलं नाहीत, त्यासाठी मी एवढी वर्षं तुमच्यावर कधी रागावले नाही. तेवढंच असतं तर चाललं असतं. पण शनिवार बंद झाल्यावर किती पोरं दहावी होऊन गेली? त्यांना कुणी काही दाखवलं? फ्लेक्सवर जे छापलं ते झाले, नाही तर बापाला घाई होती ते झाले. ती पोरं तर तुमच्या शाळेची होती ना? शनिवार बंद करा असा शेवटचा कागद तुमच्या सहीनं निघाला. तुम्ही मुख्याध्यापक होता. तुम्ही एक रिक्षा करून त्यांना नेऊ शकत नव्हतात? माझ्याशिवाय?"

खरं सांगायचं, हा विचार एवढ्या वर्षांत माझ्या मनात एकदाही आला नव्हता. मी फक्त बाईंचा अपराधी आहे असं धरून चाललो होतो, आणि त्यातही थोडं समाधान मिळवत होतो.

तेवढ्यात खालून हाक आली. "बाई, हायत का?"

बाईंनी खिडकीतून पाहिलं. "आलेच!" आणि माझ्यासमोर ताकाचा पेला ठेवून सँडल शोधू लागल्या. शेजारच्या गल्लीतली एक आई होती, मुलीला घेऊन आलेली. दहावीचा निकाल परवाच लागला होता.

"बसा तुम्ही, ताक संपवा. जाताना दार ओढून घ्या, मांजर येतं," असं म्हणत बाई जिना उतरल्यासुद्धा. मी खिडकीशी गेलो.

खाली उन्हात तिघी उभ्या होत्या. आई बोलत होती, हात उंचावून, भराभर. मार्क किती, भावकीत कोण काय म्हणतं, कुठल्या कॉलेजात वशिला लागेल. मुलगी रस्त्याकडे बघत होती. बाईंनी आईचं बोलणं थोडा वेळ ऐकलं, मग आपला तळहात तिच्यापुढे धरला, जरा थांब, असा. आई थांबली. बाई वाकल्या आणि मुलीच्या तोंडाजवळ कान नेला.

मुलगी काही तरी बोलली. अगदी थोडंसं. मला वरून ते ऐकू आलं नाही.

बाईंना आलं.